नाव काय आलं?

आमच्या कोपऱ्यावरच्या भाजीवाल्या मावशींना पैसे देणं ही एक छोटी तोंडी परीक्षा असते. कोथिंबिरीची जुडी पिशवीत पडली की आपण फोन काढायचा, तागडीमागे खिळ्याला टांगलेल्या क्यूआर कोडसमोर धरायचा, आणि रक्कम टाकायच्या आत मावशींचा प्रश्न येतो, "नाव काय आलं वो ताई?" नाव सांगायचं. मावशींचं नव्हे, त्यांच्या थोरल्याचं. खातं त्याच्या नावावर आहे. आडनावासकट सांगितलं की मावशी मान हलवतात, म्हणजे चला पुढं. कुणी घाईघाईत "आलं, आलं, बरोबर आहे" म्हणालं तर त्या तेवढ्याच शांतपणे पुन्हा विचारतात. मागे चार माणसं खोळंबली असली तरी.

पहिल्या वेळी मला वैताग आला होता. मनात म्हटलं, दिवसभर संगणकासमोर बसणारी बाई मी, मला काय विचारता? मग एकदा रांग नव्हती तेव्हा त्यांनीच सांगितलं.

गेल्या पावसाळ्यात कुणीतरी त्यांच्या कोडवर दुसरा कोड चिकटवून गेलं. त्याच मापाचा, कडा नीट जुळवून. त्या दिवशी नेमकं बोलक्या डब्याचं चार्जिंग उतरलेलं, त्यामुळे पैसे आल्याचं तो सांगत नाहीये हे कुणाच्या ध्यानात आलं नाही. गिऱ्हाईक फोनवरची हिरवी खूण दाखवायचं, मावशी हात करायच्या. रात्री मुलानं खातं उघडलं, तर सकाळी अकरानंतर एक रुपया नाही. "आणि वांगी तर सगळी संपल्याली," मावशी म्हणाल्या. त्यांच्या लेखी हिशोब असा असतो: टोपली रिकामी, मग पैसे कुठं?

मावशींना लिहितावाचता येत नाही. कोडवर कोड बसला तर त्यांना तो ओळखू येणार नाही, हे त्यांनी मान्य करून टाकलं आणि त्यावर दोन उपाय काढले. एक म्हणजे हा प्रश्न. दुसरा उपाय मला फार आवडला. कोडच्या खालच्या उजव्या कोपऱ्यात, अर्धी कोडवर आणि अर्धी कडेच्या पांढऱ्या पट्टीवर, त्यांनी स्वतःच्या पाकिटातली एक मरून टिकली लावली आहे. सकाळी गाडा लावला की आधी टिकली बघायची. टिकली दिसली की कोड आपला.

घरी येताना मला माझी आजी आठवली. माण तालुक्यातली. तीही अंगठा उठवायची. सोसायटीचं कर्ज, वाटणीचा कागद, रेशनकार्ड, जिथं तिथं तो निळ्या शाईत बुडवलेला डावा अंगठा. पण तो कागदावर टेकायच्या आधी ती दोन माणसांकडून कागद वाचून घ्यायची. एकदा ज्याने आणला त्याच्याकडून, एकदा शाळेतल्या गुरुजींकडून, आणि दोघांना एकत्र कधीच बसू द्यायची नाही. दोघांचं वाचन सारखं निघालं तर अंगठा. नाहीतर "उद्या बघू". सावकारानं तिच्या सासऱ्याला एका कागदावर फसवलं होतं, त्याची ही आठवण होती. आम्ही मुलं हसायचो. आता वाटतं, आजी अडाणी होती आणि तिला ते पक्कं ठाऊक होतं. क्यूआर कोडपुढं आपण सगळेच अंगठेबहाद्दर आहोत, फरक इतकाच की आपल्याला ते ठाऊक नसतं. डॉक्टर असो, वकील असो, त्या काळ्यापांढऱ्या चौकोनांकडे बघून आत काय लिहिलंय हे कुणालाच वाचता येत नाही. आणि वर आपण खरोखरच अंगठा लावतो, फोनच्या काचेवर.

हा कोड मुळात माणसानं वाचावा म्हणून काढलेलाच नाही. जपानमधल्या डेन्सो या मोटारींचे सुटे भाग बनवणाऱ्या कंपनीत मासाहिरो हारा नावाचे अभियंता होते. कारखान्यात खोक्यांवर साधे बारकोड असायचे. त्या उभ्या रेघांत जेमतेम वीसेक अक्षरं मावतात, म्हणून एका खोक्यावर अनेक बारकोड चिकटवावे लागायचे आणि कामगारांचे हात ते एकामागून एक वाचून भरून यायचे. हारांनी रेघांऐवजी चौकटी घेतल्या, म्हणजे माहिती आडवीही भरता येईल आणि उभीही. गो नावाचा काळ्यापांढऱ्या सोंगट्यांचा खेळ खेळताना ही कल्पना सुचली, असं ते सांगतात. १९९४ साली कोड तयार झाला. पेटंट कंपनीनं स्वतःकडे ठेवलं, पण वापरणाऱ्यांवर हक्क सांगितला नाही, म्हणून तो जगभर पसरू शकला. क्यूआर म्हणजे क्विक रिस्पॉन्स, चटकन उत्तर. घाई त्याच्या नावातच आहे.

कोपऱ्यांतल्या तीन मोठ्या चौकोनांची गोष्ट तर ऐकण्यासारखी आहे. यंत्राला गर्दीतून कोड पटकन सापडावा म्हणून एक खूण हवी होती, आणि ती खूण दुसऱ्या कुठल्या छापील मजकुरात चुकूनही येता कामा नये. मग हारांच्या टीमनं मासिकं, जाहिरातींचे कागद, पुठ्ठ्याची खोकी असं सगळं छापील साहित्य गोळा करून त्यातल्या काळ्यापांढऱ्याचं प्रमाण मोजलं आणि सगळ्यात क्वचित सापडणारं प्रमाण निवडलं: एक, एक, तीन, एक, एक. चौकोनाच्या मधून कुठूनही रेघ मारा, काळं एक भाग, पांढरं एक, काळं तीन, पांढरं एक, काळं एक. चौथ्या कोपऱ्यात असा मोठा चौकोन नाही, त्यावरून यंत्राला कोड सुलटा आहे की उलटा ते कळतं. मावशींनी नेमक्या त्याच कोपऱ्यात टिकली लावली हा योगायोग, पण चांगला योगायोग.

सगळ्यात लहान कोड २१ ठिपके, २१ ओळींचा असतो. आमच्या घरी गणपतीला दुर्वाही एकवीस आणि मोदकही एकवीस, त्यामुळे हा आकडा मला उगाचच ओळखीचा वाटला. मजकूर वाढला की रांगोळी मोठी होत जाते, प्रत्येक पायरीला चार-चार ठिपक्यांनी, शेवटी १७७ ओळींपर्यंत. आणि रांगोळीतले काही ठिपके पुसले तरी ज्याला डिझाईन माहीत आहे तो ती पुरी करू शकतो, तशीच इथेही सोय आहे. तीच माहिती वेगळ्या गणितानं जादा भरून ठेवलेली असते. ही सोय चार पातळ्यांची, सर्वांत वरच्या पातळीवर साधारण ३० टक्के भाग खराब झाला तरी कोड वाचला जातो. म्हणून टिकली चालते, म्हणून मधोमध चित्र टाकता येतं. या चित्रावरूनच आमच्या घरात महाभारत झालं, ते पुढे सांगते.

पैशांच्या कोडमध्ये आत फार काही नसतं. एक यूपीआयचा पत्ता, एक नाव, कधी रक्कम, चलन. कोड कोणीही बनवू शकतो आणि त्यात नाव हवं ते लिहू शकतो. पत्ता स्वतःचा टाकायचा आणि नाव लिहायचं "श्री भैरवनाथ भाजी भांडार", कोण अडवतंय? पूर्वी काही ॲप कोडमधलं हेच नाव दाखवायचे. २०२५ साली एनपीसीआयनं, म्हणजे यूपीआय चालवणाऱ्या संस्थेनं, सांगितलं की पैसे देणाऱ्याला कोडमध्ये लिहिलेलं नाव दाखवू नका, ज्याच्या खात्यात पैसे जाणार त्याचं बँकेकडून आलेलं नाव दाखवा. म्हणजे मावशींच्या प्रश्नाला आता वजन आलं. फोनच्या काचेवर येतं ते गुरुजींचं वाचन. चिकटवलेला कागद काय म्हणतो ते आणणाऱ्याचं.

कोडवर कोड चिकटवण्याचा धंदा मावशींपुरता नाही. जानेवारी २०२५ मध्ये खजुराहोत रातोरात दुकानांबाहेरचे आणि पेट्रोल पंपावरचे कोड बदलले गेले, सीसीटीव्हीत ते करणारी माणसंही दिसली. त्याआधी, जानेवारी २०२२ मध्ये अमेरिकेत टेक्सासमधल्या ऑस्टिन शहरात पार्किंगचे पैसे घेणाऱ्या दोन डझनांहून जास्त यंत्रांवर खोटे कोड सापडले. गंमत म्हणजे त्या यंत्रांवर महापालिकेनं कधी कोड लावलेलाच नव्हता. लोकांना कोड दिसला, लोकांनी फोन काढला. माणसाला पाटी दिसली की तो वाचतो, तसं आता कोड दिसला की हात खिशात जातो.

एक गोष्ट मात्र सांगायला हवी, कारण भीतीही फार पसरली आहे. नुसता कोड टिपला म्हणून खात्यातून पैसे उडत नाहीत. कॅमेरा फक्त वाचतो. बिघडतं ते त्यानंतरच्या पावलाला: आलेली लिंक न बघता उघडली, तिथं सांगितलेलं ॲप उतरवून घेतलं, पिन टाकला. व्हॉट्सॲप वेबचा कोड टिपून आपलं व्हॉट्सॲप दुसऱ्याच्या संगणकावर उघडून दिलं. प्रत्येक वेळी मधे एक थांबा असतो आणि तो थांबा आपलाच असतो.

आमच्या दाजींना हा थांबा दिसला नाही. ताईच्या घरचं जुनं लाकडी कपाट विकायला त्यांनी ऑनलाइन टाकलं. तासाभरात फोन. पलीकडचा माणूस म्हणाला मी फौजी, बदली झालीय, कपाट न बघता घेतो, गाडी पाठवतो. दाजींचे काका सैन्यात होते. "फौजी" म्हटल्यावर दाजींनी घासाघीसही केली नाही. त्यानं व्हॉट्सॲपवर कोड पाठवला: हा टिपा, पैसे तुमच्या खात्यात येतील. आधी पाच रुपयांचा खेळ केला. दाजींनी पाच रुपयांचा कोड टिपला, पिन टाकला, आणि लगेच त्यानं दहा परत पाठवले. बघा, आले ना? पाच गेले आणि दहा आले हे दाजींनी पाहिलं. पाच का गेले, हे विचारलं नाही. पुढचा कोड साडेआठ हजारांचा होता.

पैसे घ्यायला पिन लागत नाही. कधीच लागत नाही. कोड टिपावा लागत नाही, बटण दाबावं लागत नाही. पैसे येताना आपण झोपलेले असलो तरी ते येतात. हे वाक्य मी दाजींना आधी शंभरदा ऐकवलं असतं तरी त्या दहा रुपयांपुढं ते टिकलं असतं का, मला शंका आहे. नशीब एवढंच की ताईनं तासाच्या आत १९३० हा सायबर फसवणुकीच्या तक्रारीचा नंबर लावला, व्यवहाराचा क्रमांक दिला, आणि पैसे पुढच्या खात्यात असतानाच काही रक्कम अडवता आली. ती हातात यायला बरेच महिने गेले. कपाट अजून त्यांच्या गॅलरीत आहे. दाजी त्यात आता कांदे ठेवतात.

तर महाभारत. भाचीच्या लग्नाच्या वेळी पत्रिकेवर कोड टाकायचं ठरलं. कार्यालय शहराबाहेर, फाट्यावरून आत दीड किलोमीटर, आणि प्रत्येक पाहुण्याला रस्ता सांगत कोण बसणार? काम अर्थातच माझ्याकडे आलं, "तुला येतं ना ते". मी क्रोमवर कार्यालयाच्या नकाशाचं पान उघडलं आणि तिथंच कोड बनवून घेतला. फुकट, दोन मिनिटांत, आणि मधे कुणी मध्यस्थ नाही. फक्त क्रोमच्या कोडमध्ये मधोमध त्यांचा तो छोटा डायनोसॉर असतो.

वहिनीनं फोन डोळ्यांजवळ नेला. "ही पाल कशाला लग्नाच्या पत्रिकेवर?"

मी म्हटलं, पाल नाही, डायनोसॉर. त्यानं काही सुधारलं नाही. वहिनीला मधोमध गणपती हवा होता, आणि तिचं चूक होतं असं नाही. पत्रिकेवर पहिला मान त्याचाच. मग मी शोधून एक वेबसाइट काढली. गणपतीचं चित्र चढवा, रंग निवडा, कोड घ्या, मोफत. कोड सुरेख आला. प्रेसवाल्यानं नमुना छापला तेव्हा दोन गोष्टी शिकले. सोनेरी कागदावर पिवळसर कोड छापला तर फोनला तो दिसतच नाही, त्याला उजळ पांढऱ्यावर गडद रंग लागतो. आणि चहूबाजूंनी निदान चार ठिपक्यांइतकी कोरी जागा सोडावी लागते. डिझायनरनं तिथपर्यंत आंब्याची पानं आणून भिडवली होती. ती खुडली. कोडचा आकारही दोन सेंटिमीटर करायला लावला. नमुना माझ्या, दादाच्या आणि प्रेसमधल्या पोराच्या जुन्या फोनवर टिपून पाहिला. चारशे पत्रिका छापल्या. मी स्वतःवर खूश होते.

लग्नाला आठ दिवस उरले असताना कोल्हापूरच्या मामांचा फोन आला. "अगं, तुझा तो कोड काहीतरी भलतंच दाखवतोय." मी टिपला. इंग्रजीत पाटी: हा कोड निष्क्रिय आहे, मालकाने योजना घ्यावी. खाली वजन कमी करण्याची जाहिरात.

त्या वेबसाइटनं मला दिलेल्या कोडमध्ये कार्यालयाचा नकाशा नव्हताच. त्यात होता त्यांचा स्वतःचा एक छोटा पत्ता, आणि तो पत्ता पुढे नकाशाकडे पाठवत होता. अशा कोडला डायनॅमिक म्हणतात. त्याचा उपयोगही आहे: छापून झाल्यावर आतलं ठिकाण बदलता येतं, किती जणांनी टिपला ते मोजता येतं. पण किल्ली त्यांच्याकडे राहते. माझी मोफत मुदत चौदा दिवसांची होती आणि ते कुठल्याशा कोपऱ्यात बारीक अक्षरांत लिहिलंही होतं. मी, आजीची नात, कागद एकदाही नीट न वाचता चारशे ठिकाणी अंगठा उठवून बसले होते. नमुना तीन फोनांवर टिपला तेव्हा नकाशा उघडतोय एवढंच पाहिलं. नकाशा उघडण्याआधी वर क्षणभर कुणाचा पत्ता चमकून जातो, ते पाहिलं नाही.

पत्रिका वाटून झाल्या होत्या, कुणाकडून परत मागणार? शेवटी डॉलरमध्ये एका महिन्याचे पैसे भरले. लग्न पार पडल्यावर ती योजना बंद करण्यात आणखी एक दुपार गेली, बंदचं बटण कुठं लपवलंय ते शोधण्यात. दादा तरीही खबरदारी म्हणून धाकट्या चुलतभावाला फेटा बांधून फाट्यावर उभं करून आला होता. बहुतेक पाहुणे त्यालाच बघून आत वळले.

माझी चूक जगावेगळी नाही, ही त्यातल्या त्यात समाधानाची गोष्ट. हाइन्झ कंपनीनं जर्मनीत केचपच्या बाटलीवर एका स्पर्धेसाठी कोड छापला होता. स्पर्धा संपली, कंपनीनं त्या वेबसाइटच्या नावाची मुदत संपू दिली, ते नाव दुसऱ्या कुणीतरी घेतलं. २०१५ साली एका ग्राहकानं बाटलीवरचा कोड टिपला आणि समोर अश्लील वेबसाइट उघडली. बाटल्या अजून कपाटांत होत्या ना! छापलेला कोड परत घेता येत नाही, आणि तो ज्या पत्त्याकडे बोट दाखवतो तो पत्ता आपल्याकडे किती दिवस राहणार, हे छापताना कुणी विचारत नाही. मी आता विचारते. सोसायटीच्या सूचनाफलकासाठी मध्यंतरी कोड करायचा होता, तेव्हा सरळ साधा, स्थिर कोड केला, म्हणजे मजकूर त्या ठिपक्यांतच. खाली पत्ता अक्षरांतही छापला, ज्याला टिपायचं नाही त्याने टाईप करावं. पाहुण्यांसाठी म्हणून बैठकीत लावलेला वायफायचा कोड भाचरांच्या स्टेटसवरच्या फोटोत दिसत होता, तो फोटो तेवढा काढायला लावला. अशा कोडमध्ये पासवर्ड उघडाच लिहिलेला असतो, कुठल्याही फोनला वाचता येतो.

यंदा खंडेनवमीला संध्याकाळी मावशींकडे गेले. गाड्याला झेंडूच्या माळा, तागडीला हळदकुंकू, वजनांना हळदकुंकू, कोयत्याला हळदकुंकू. कोडलाही. त्यानंच तर धंदा चालतो. कोडवर नेमकं कुठं लावायचं हा प्रश्न मावशींना पडला नव्हता. तीन कोपऱ्यांत तीन देवळ्या असल्यासारखे चौकोन होतेच, त्या तिन्हींवर त्यांनी ठळक बोटं उठवली होती. टिकली जागेवर होती.

माझा फोन शोधत राहिला. मागच्या मुलाचाही. मावशींनी पदरानं एक चौकोन हलकेच पुसला, पूजेचं पुसायला त्यांचं मन होईना. एकानं भागलं नाही. त्याला तिन्ही लागतात, हे मी सांगितलं, पण त्या म्हणाल्या, "राहू दे ताई आज. आजच्या दिवस त्येला बी सुट्टी."

मी पर्समधून दोनशेची नोट काढून दिली. मावशींनी ती दोन्ही हातांनी धरून गाड्यावरच्या दिव्यापुढं नेली, आडवी धरून पाहिली, उभी धरून पाहिली, मग कमरेच्या पिशवीत ठेवली आणि सुट्टे मोजायला लागल्या.